वरची बेरीज, खालची बेरीज

३१ ऑक्टोबर १९८७, शनिवार. दिवाळी सरून आठवडा झाला होता, तरी नागपूरचं ऊन उतरलं नव्हतं. सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर न्यूझीलंडचा डाव नुकताच संपला होता, ५० षटकांत ९ बाद २२१. आजूबाजूची मंडळी डबे उघडत होती, पोळीभाजीचा वास सुटला होता आणि मी मांडीवर वही ठेवून भागाकार करत होतो. भारताला सामना जिंकायचा होताच, पण तो किती चेंडूंत जिंकायचा हे मला त्या मधल्या वेळात काढायचं होतं.

ही सवय काकांची. काका कार्यालयीन स्पर्धांमध्ये स्कोअरर म्हणून बसायचे आणि मी शाळकरी वयापासून त्यांच्या शेजारी पेन्सिलींना टोक काढत बसायचो. स्कोअरबुकात वरच्या अंगाला फलंदाज असतात, खालच्या अंगाला गोलंदाज. डाव संपला की काका दोन्ही बेरजा ताडून पाहायचे. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून जो आकडा येतो, तोच गोलंदाजांनी दिलेल्या धावा, बाय आणि लेगबाय मिळून आला पाहिजे. एका धावेचा फरक निघाला तरी काका सायकलला हात लावत नसत. पंच गेले, खेळाडू गेले, चटया गुंडाळून झाल्या, तरी आम्ही दोघं बाकावर चेंडू चेंडू मोजत बसलेलो. ‘वरचं खालच्याशी जुळलं नाही तर सामना झालाच नाही असं समज,’ असं ते म्हणायचे. पुढं चाळीस वर्षं मी स्वतः स्कोअरर म्हणून बसलो. नेट रनरेटविषयी मला जे सांगायचं आहे, त्याचं मूळ काकांच्या या वाक्यात आहे.

त्या दिवशी वहीत काय होतं ते सांगतो. रिलायन्स कप म्हणजे चौथा विश्वचषक, भारत आणि पाकिस्तानात मिळून चाललेला. आमच्या गटात ऑस्ट्रेलियाचे सहाही सामने आदल्या दिवशी, ३० तारखेला कटकला संपले होते आणि त्यांचे २० गुण झाले होते. नागपूरला जिंकलो तर आमचेही २० होणार होते. गुण सारखे झाले की धावगती बघायची आणि ज्याची जास्त तो गटात पहिला, असा नियम होता. पहिला आला तो मुंबईत वानखेडेवर उपांत्य सामना खेळणार, दुसरा आला तो लाहोरला पाकिस्तानशी.

तेव्हाची धावगती साधी होती. संघानं सगळ्या सामन्यांत मिळून केलेल्या धावांना खेळलेल्या षटकांनी भागायचं, एवढंच. संघ सर्वबाद झाला असेल तर मात्र त्याची पूर्ण ५० षटकं धरायची. ऑस्ट्रेलियाच्या धावा मी रेडिओवरून टिपून ठेवल्या होत्या : २७०, २३५, १९९, २३३, २५१, २६६. एकूण १४५४. इंदूरचा सामना पावसामुळं ३० षटकांचा झाला होता, बाकीचे पाच ५० षटकांचे. म्हणजे २८० षटकं, १६८० चेंडू. धावगती ५.१९३. आता हा आकडा हलणार नव्हता.

आमच्या पाच सामन्यांतल्या धावा होत्या २६९, २५२, १३६, २८९ आणि १९४, एकूण ११४०. त्यासाठी २१९ षटकं आणि ५ चेंडू, म्हणजे १३१९ चेंडू. नागपूरला २२२ करायच्या, म्हणजे एकूण १३६२ होणार. ऑस्ट्रेलियाच्या गतीनं १३६२ धावांना किती चेंडू लागतात? १५७३ आणि वर थोडे. त्यातून १३१९ वजा केले की उरले २५४ चेंडू. ४२ षटकं आणि २ चेंडू.

मी वहीत २५४ लिहून त्याभोवती गोल केला, आणि थोड्याच वेळात शेजारच्या ट्रान्झिस्टरवर तोच आकडा आला : ४२.२ षटकं. काकांनी तो गोल पाहिला आणि काही न बोलता मला संत्र्याच्या चार फोडी दिल्या.

त्या २५४ मध्ये एक गोष्ट दडलेली आहे. ९ ऑक्टोबरला मद्रासला आम्ही ऑस्ट्रेलियाकडून एका धावेनं हरलो होतो. मनिंदर सिंगच्या चेंडूवर डीन जोन्सनं मारलेला एक उंच फटका आधी चौकार ठरला होता. डावांच्या मध्ये ऑस्ट्रेलियानं तो षटकार असल्याचं सांगितलं, कपिल देवनं मान्य केलं आणि २६८ चे २७० झाले. आम्ही २६९ वर सर्वबाद झालो. शेवटची विकेट पडली तेव्हा अजून एक चेंडू शिल्लक होता. सर्वबाद म्हणून हिशेबात ती पूर्ण ५० षटकं धरली गेली. तो एक चेंडू धरला गेला नसता तर नागपूरला आम्हाला २५५ चेंडू मिळाले असते. तीन आठवड्यांपूर्वी मद्रासच्या चेपॉकवर न टाकलेला चेंडू नागपूरच्या हिशेबात येऊन बसला होता. जोन्सचा चौकार चौकारच राहिला असता, तर मद्रासचा सामना आमचा होता आणि २५४ शोधायची वेळच आली नसती. पण कपिलनं जे केलं त्याबद्दल त्या दिवशी आमच्या ओळीत कुणी वावगा शब्द काढला नाही, आणि आजही मला ते योग्यच वाटतं.

मग गावसकर आणि श्रीकांत मैदानात आले. गावसकरांच्या अंगात ताप होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. बाकावर बसून दिसलं ते एवढंच की हा माणूस त्या दिवशी निराळा खेळतो आहे. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ धावांसमोर पूर्ण ६० षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ करणारे ते हेच गावसकर. पाच दिवसांपूर्वी अहमदाबादला त्यांचं अर्धशतक इतकं संथ झालं होतं की लोक चिडले होते. नागपूरला त्यांनी चॅटफिल्डच्या एकाच षटकात दोन षटकार आणि दोन चौकार मारले. माझी पेन्सिल मागं पडली. श्रीकांत ७५ वर गेला तेव्हा १३६ धावा झाल्या होत्या, मग अझरुद्दीन आला. गावसकरांचं शतक ८५ चेंडूंत झालं. १०८ एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. ३२.१ षटकांत १ बाद २२४, गावसकर नाबाद १०३. मी वहीत लिहिलं : २५४ वजा १९३, शिल्लक ६१ चेंडू.

भारताची अखेरची धावगती ५.४१३ झाली. आम्ही गटात पहिले आलो, मुंबईला गेलो आणि ५ नोव्हेंबरला वानखेडेवर ग्रॅहम गूचनं स्वीप मारमारून ११५ धावा केल्या. आम्ही ३५ धावांनी हरलो. गावसकर ४ धावांवर डिफ्रेटसच्या चेंडूवर त्रिफळाचित झाले आणि एकदिवसीय क्रिकेटमध्ये पुन्हा दिसले नाहीत.

ती वही मी जपून ठेवली आहे. सेवानिवृत्त झाल्यावर एका दुपारी ती काढून बसलो, तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी त्या दिवशी बाकावर दिसली नव्हती.

सकाळी चेतन शर्मानं रुदरफर्ड, इयान स्मिथ आणि चॅटफिल्ड यांच्या यष्ट्या लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडवल्या होत्या. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. सगळं मैदान उभं राहिलं होतं आणि काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता हिशेब बघा. त्या दिवसाच्या नियमात गोलंदाजीला जागाच नव्हती. धावगती फक्त आपण केलेल्या धावांची. न्यूझीलंडनं २२१ ऐवजी २६१ केल्या असत्या, तर आमचं लक्ष्य २६२ झालं असतं आणि त्यासाठी पूर्ण ३०० चेंडू मिळाले असते. घाई करायचं कारणच उरलं नसतं, नुसतं जिंकणं पुरलं असतं. समोरच्याला कमी धावांत रोखलं की आपल्याला धावा करायला जागा कमी उरते आणि चेंडूंचा फास आवळतो. सामना जिंकायला चेतनच्या हॅट्ट्रिकचा उपयोग झाला, पण धावगतीच्या शर्यतीत त्या तीन चेंडूंनी आमचं काम अवघडच केलं.

स्कोअरबुकातलं खालचं अंग त्या नियमानं वाचलंच नव्हतं.

मग मी तेच सहा सामने आजच्या पद्धतीनं मांडले. आपण केलेल्या धावांची गती काढायची, आपण दिलेल्या धावांची गती काढायची आणि पहिल्यातून दुसरी वजा करायची. भारतानं सहा सामन्यांत ३०० षटकांमध्ये १२८६ धावा दिल्या होत्या, गती ४.२८७. ऑस्ट्रेलियानं २८० षटकांत १३२३, गती ४.७२५. वजाबाकी केली की भारत अधिक १.१२६ आणि ऑस्ट्रेलिया अधिक ०.४६८. दोघांमध्ये इतकं अंतर, की नागपूरचे २२२ भारतानं शेवटच्या चेंडूवर केले असते तरी गटात पहिलं स्थान आमचंच होतं. आजचा नियम तेव्हा असता तर ४२.२ हा आकडा कुणी उच्चारलाही नसता. तापलेल्या अंगानं गावसकरांना ती घाई करावी लागली नसती, आणि कदाचित ते शतकही झालं नसतं. त्या दुपारचा एकही चेंडू मी विसरलेलो नाही. तरी स्कोअरर म्हणून मला लिहावं लागतं की तो नियम अर्धा होता.

या अर्ध्या नियमाचा खरा घाव चार वर्षं आधी न्यूझीलंडनं सोसला होता, आणि आपल्याकडं १९८३ चा विश्वचषक म्हटलं की आठवण कपिल, टनब्रिज वेल्स आणि लॉर्ड्सपलीकडं जात नाही, म्हणून तो इथं मांडतो. इंग्लंडच्या गटात पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे १२ गुण झाले. एकमेकांविरुद्धही एकेक विजय. धावगतीत पाकिस्तान ४.०१४, न्यूझीलंड ३.९२७. पाकिस्तान उपांत्य फेरीत गेला, न्यूझीलंड घरी. शेवटचा सामना ट्रेंट ब्रिजवर त्या दोघांतच झाला होता. झहीर अब्बासच्या नाबाद १०३ आणि इम्रान खानच्या नाबाद ७९ धावांवर पाकिस्ताननं २६१ केल्या आणि न्यूझीलंड ११ धावांनी कमी पडला.

पण खालच्या बेरजा घ्या. पाकिस्ताननं ३४८ षटकांत १४३२ धावा दिल्या होत्या, षटकामागं ४.११५. न्यूझीलंडनं ३५२.५ षटकांत १३९३, षटकामागं ३.९४८. वजाबाकीनंतर पाकिस्तान उणे ०.१०१, न्यूझीलंड उणे ०.०२१. दोघंही उणे, पण न्यूझीलंड वर. नियम वेगळा असता तर दोन्ही संघ वेगळे खेळले असते, हे मला कळतं. तरी त्या गोलंदाजांनी अडवून ठेवलेल्या धावा कुठल्याच हिशेबात आल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. हॅडली त्या संघात होता. निर्धाव षटक टाकून टोपी घ्यायला पंचाकडं चालत जाणाऱ्या गोलंदाजाला ते षटक कुठंतरी जमा होतं असं वाटत असणार. १९८३ मध्ये ते जमा होत नव्हतं.

गोलंदाजीचा हिशेब धरायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. इंग्लंडमधल्या कौंटी संघांच्या बेन्सन अँड हेजेस कपात गुण सारखे झाले तर किती चेंडूंमागं एक बळी घेतला ते बघत. त्याचं काय झालं, तर २४ मे १९७९ ला वूस्टरला सॉमरसेटचा कर्णधार ब्रायन रोज यानं एका षटकानंतर बिनबाद १ वर डाव घोषित केला. हरलो तरी चालेल, पण बळींचा दर बिघडता कामा नये, असा हिशेब. वूस्टरशायरनं दहा चेंडूंत दोन धावा करून सामना जिंकला. तिकीट काढून आलेले लोक बसल्या जागी हताश झाले. नियमात तेव्हा त्याला मनाई नव्हती, तरी सॉमरसेटला स्पर्धेबाहेर काढलं आणि मर्यादित षटकांच्या सामन्यात डाव घोषित करण्यावर बंदी आली. ज्या संघात व्हिव्ह रिचर्ड्स, बोथम आणि गार्नर होते, त्यानं एका भागाकारापायी हे करावं? काका हा प्रसंग सांगताना आवाज खाली आणायचे, घरातल्या कुणाची चूक सांगावी तसा.

विश्वचषकात निव्वळ धावगती, म्हणजे आपण ज्याला सरसकट नेट रनरेट म्हणतो ती, १९९२ ला आली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये नऊ संघ, सगळे सगळ्यांशी खेळणार. त्या वर्षी चौथी जागा मात्र तिच्यावर ठरली नाही. ॲडलेडला इंग्लंडपुढं पाकिस्तान ७४ वर सर्वबाद झाला होता, पण पाऊस आला, सामना निकालाविना संपला आणि दोघांना एकेक गुण मिळाला. निकाल न लागलेला सामना नेट रनरेटमध्ये धरत नाहीत, म्हणून ते ७४ कुठंच मोजले गेले नाहीत. पाकिस्तानचे ९ गुण, ऑस्ट्रेलियाचे ८. नेट रनरेट ऑस्ट्रेलियाचा सरस होता, पण तिथवर पाळीच आली नाही, आणि पाकिस्तान पुढं जाऊन विश्वविजेता झाला.

हिशेब समजावून सांगायला मी मुलांना २०१९ च्या विश्वचषकातला एक सामना देतो. ट्रेंट ब्रिजवर पाकिस्तान २१.४ षटकांत १०५ वर सर्वबाद झाला. वेस्ट इंडिजनं १३.४ षटकांत १०८ केल्या. पाकिस्तानच्या १०५ ला २१.४ नं भागायचं नाही. सर्वबाद म्हणून ५० नं भागायचं, आले २.१०. नाहीतर जो लवकर कोसळला त्याची गती जास्त दिसेल. वेस्ट इंडिजची खरी षटकं घ्यायची, पण १३.४ म्हणजे तेरा दशांश चार नव्हे. तेरा षटकं आणि चार चेंडू, म्हणजे ८२ चेंडू. १०८ गुणिले ६, भागिले ८२, आले ७.९०. वजाबाकी, उणे ५.८०. हा एका सामन्याचा आकडा झाला. स्पर्धेचा काढताना अशा आकड्यांची सरासरी घ्यायची नाही. सगळ्या धावा एकत्र, सगळी षटकं एकत्र, मग भागाकार. आणि पावसामुळं डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीनं निकाल लागला, तर पहिल्या संघाच्या खात्यात त्याच्या प्रत्यक्ष धावा लिहीत नाहीत. दुसऱ्याला दिलेल्या सुधारित लक्ष्यापेक्षा एक धाव कमी आणि दुसऱ्याला मिळालेली षटकं लिहितात.

त्या एका सकाळची भरपाई पाकिस्तानला शेवटपर्यंत करता आली नाही. न्यूझीलंड आणि पाकिस्तान, दोघांचे ११ गुण, दोघांचे पाच विजय. पाकिस्ताननं न्यूझीलंडला हरवलेलंही होतं. पण नेट रनरेट न्यूझीलंडचा अधिक ०.१७५, पाकिस्तानचा उणे ०.४३०. शेवटच्या सामन्यात पाकिस्ताननं बांगलादेशसमोर ३१५ केल्या, तेव्हा त्यांना सात धावांच्या आत बाद करणं एवढाच मार्ग उरला होता. १९८३ ला अर्ध्या हिशेबानं बाहेर पडलेला न्यूझीलंड ३६ वर्षांनी त्याच पाकिस्तानच्या पुढं, पूर्ण हिशेबानं गेला. मॅंचेस्टरला त्यानं आपल्यालाच हरवलं, तरी गुणतक्ता बघताना मला त्या संघासाठी बरं वाटलं होतं.

दशांशाची चूक मी जवळून पाहिली आहे. विदर्भातल्याच एका गावी शालेय स्पर्धा होती, धावगती साधीच ठेवली होती. एका संघाच्या तीन सामन्यांत ३५२ धावा, ५६ षटकं ४ चेंडू. आयोजकांनी गणकयंत्रावर ५६.४ दाबलं, आले ६.२४. दुसऱ्या संघाच्या ६० षटकांत ३७३, म्हणजे ६.२२. पहिला संघ पुढं गेला. रात्री मुक्कामी मी वही उघडून बसलो. ५६ षटकं ४ चेंडू म्हणजे ५६.६७, गती ६.२१. दुसरा संघ वर हवा होता. मी तसाच आयोजकांच्या घरी गेलो, त्यांनी चूक मान्य केली, पण ती मुलं संध्याकाळच्या एसटीनं परतली होती. त्यांचा कर्णधार नववीतला होता. जाताना माझ्याकडं येऊन ‘सर, थोडक्यात गेलं ना?’ म्हणाला होता आणि मी ‘हो बाळा’ म्हटलं होतं. त्या दिवसापासून मी षटकं लिहितच नाही, चेंडू लिहितो.

नेट रनरेट पूर्ण आहे असंही माझं म्हणणं नाही. चाळीसाव्या षटकात दहा गडी राखून जिंकलात काय आणि एक गडी राखून जिंकलात काय, त्याच्या लेखी दोन्ही एकच. आणि हिशेब हाती आला की त्याचा वापरही होतो. १९९९ च्या विश्वचषकात ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट इंडिजला ११० मध्ये गुंडाळल्यावर ऑस्ट्रेलियानं १११ धावांसाठी मुद्दाम ४०.४ षटकं घेतली. वेस्ट इंडिजचा नेट रनरेट फार पडू द्यायचा नव्हता, कारण न्यूझीलंड बाहेर जाऊन वेस्ट इंडिज पुढं आला तर ऑस्ट्रेलियाला पुढच्या फेरीत गुण मिळणार होते. लोकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडनं स्कॉटलंडविरुद्ध १७.५ षटकांतच लक्ष्य गाठून तो बेत उधळला. नियम मोडला नव्हता, पण प्रेक्षकांसमोर न खेळण्याचा खेळ केला, तो मला कधीच पटला नाही.

याच्या उलट आठवण वानखेडेची, २५ मे २०१४ ची. आयपीएलमध्ये मुंबईला राजस्थानच्या वर जायला १४.३ षटकांत १९० करायच्या होत्या. कोरे अँडरसननं ४४ चेंडूंत नाबाद ९५ कुटल्या. १४.३ षटकं संपली तेव्हा धावा १८९, बरोबरी. रायुडू दुसऱ्या धावेसाठी पळताना बाद झाला. काही जणांना वाटलं, संपलं. मग कळलं की नाही, पुढच्याच चेंडूवर चौकार किंवा षटकार गेला तर गती अजूनही वर जाते. मैदानाच्या कडेला कागद, बोटं, हातवारे. फॉकनरनं पायाकडं फुलटॉस टाकला आणि मुंबईच्याच आदित्य तरेनं पहिल्याच चेंडूवर तो लेगला प्रेक्षकांत भिरकावला. मी घरी टीव्हीसमोर होतो आणि माझ्या हातात कागद होता.

तो कागद सगळ्यांच्या हातात असतोच असं नाही. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया कप. श्रीलंकेच्या २९१ ला उत्तर देताना अफगाणिस्तानला पुढच्या फेरीसाठी ३७.१ षटकांत २९२ हव्या होत्या. ३७ षटकं झाली तेव्हा धावा २८९. पुढच्या चेंडूवर मुजीब झेलबाद झाला. दुसऱ्या टोकाला रशीद खान होता, तो गुडघ्यावर बसला. त्यांच्या गोटाला वाटलं की संधी गेली. खरं तर गेली नव्हती. ३७.४ षटकांपर्यंत २९५ झाल्या असत्या तरी ते पुढं जात होते, म्हणजे एक षटकार पुरेसा होता. फारूकीला हे कुणी सांगितलं नाही. त्यानं धनंजय डिसिल्व्हाचे दोन चेंडू अडवून ठेवले आणि तिसऱ्यावर पायचीत झाला. ही गोष्ट आपल्याला सांगण्यातच आली नव्हती, असं त्यांचे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट नंतर म्हणाले. टीव्हीवर रशीदचा चेहरा दिसत होता आणि मला एसटी स्टँडवर पोचलेला नववीतला तो मुलगा आठवत होता.

तेव्हापासून गटातला शेवटचा सामना माझ्याकडं असला की मी एक काम करतो. डावांच्या मध्ये चिठ्ठी तयार करतो. वर लक्ष्य आणि चेंडू. त्याखाली पुढच्या सहा-सात चेंडूंची ओळ : बरोबरी झाली आणि या चेंडूवर चौकार गेला तर काय, षटकार गेला तर काय, कुठल्या चेंडूनंतर दार खरोखर बंद होतं. आकडे दोनदा ताडतो, वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे. मग दोन प्रती करतो आणि दोन्ही कर्णधारांच्या हातात देतो. मुलं ती दुमडून खिशात ठेवतात, आणि चौदाव्या-पंधराव्या षटकाला सीमारेषेपाशी कुणीतरी ती उघडून वाचताना दिसतो.